बांधावरचा काटस

चिंच वाळायला लागली तेव्हा मला आधी वाटलं, पाणी कमी पडलं असेल.

आमचं वावर धानोऱ्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत. दक्षिणेचा तुकडा आमचा, उत्तरेचा माझ्या चुलत जेठांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या चुलतभावाचा, आणि मधे बांध. दोन्ही तुकडे एकेकाळी एकच होते. वाटणी झाली, वावर मधोमध तुटलं आणि चिंच बांधावर आली. बुंधा आमच्या हद्दीत, पण हिवाळ्यातली सावली मात्र पूर्ण त्यांच्या वावरात. सूर्य दक्षिणेला कलला की ती सावली त्यांच्या मिरचीवर जाऊन पडायची आणि तेवढ्या पट्ट्यात रोपं खुजी राहायची. जेठांचा त्या झाडावर राग होता तो एवढ्यासाठी.

माझा नवरा नंदुरबारला एका शाळेत क्लार्क आहे. सकाळी मोटारसायकलवर जातो, दिवेलागणीला येतो. शेत मीच करते. लग्नाआधी लोणखेड्याच्या कॉलेजात बी.ए. केलं होतं, पुढे बी.एड. करून शिक्षिका व्हायचं मनात होतं. झाले शेतकरीण. पहिली दोन-तीन वर्षं वावरात एकटी असायची तेव्हा माझं सगळं त्या चिंचेखालीच चालायचं. तिथे डबा खायचा, तिथेच मुलीची झोळी बांधायची, मजूर बायांचा चहा तिथेच व्हायचा. सासरच्या घरात मला बसायला अशी माझी जागा नव्हती. चिंचेखाली होती.

आमच्याकडे जेठाशी थेट बोलायची रीत नाही. तो समोरून आला तर डोक्यावर पदर घ्यायचा, बाजूला व्हायचं. त्यानेही धाकट्या भावाच्या बायकोला तोंडावर काही सांगायचं नाही, मधे कुणीतरी लागतं. कुणीच नसेल तर जनावराला सांगायचं. त्यामुळे आमचे जेठ बांधावर उभे राहून त्यांच्या म्हशीला मोठ्याने सांगायचे, "हाऊ झाड काय कामनं शे? नुसती सावली पाडस. आते कापी टाकाले पाहिजे." मी सरीत वाकलेली असायची. मीही आमच्या गाईला सांगायची, "झाड बापजाद्यानं शे. कोनी हात लावाना नही." असं आमचं बोलणं चालायचं. वर्षानुवर्षं तसंच चाललं आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या निंबांना पालवी फुटून जुनी झाली तरी चिंचेला नवं पान आलं नाही. होतं ते पिवळं पडून झडू लागलं. मी ठिबकची नळी काढून बुंध्याशी सोडली. काही फरक पडला नाही. एक दिवस खुरपं घेऊन बुंध्याभोवतीची माती उकरत होते, आळं मोठं करावं म्हणून. उत्तरेच्या अंगाला, जमिनीच्या जरा खाली, खुरप्याला मऊ शेण लागलं. तिथे शेण असायचं काही कारण नव्हतं. ते काढलं तर आत भोक. सरळ, गोल, ड्रिल मशीनने पाडलेलं. शेजारी दुसरं. मग सगळ्या बाजूने तशीच भोकं, शेणामातीने लिंपून बंद केलेली. बोट घालून वास घेतला. तणनाशकाचा वास मी झोपेतही ओळखीन, दर पावसाळ्यात पाठीवर पंप बांधून मीच फवारते.

मी तिथेच मातीत बसले. रडू आलं नाही. बोटाला लागलेलं शेण मातीत पुसलं. समोर, त्यांच्या वावरात, जेठ मोटारीच्या खोलीबाहेर खाटेवर आडवे पडून मोबाइल बघत होते. त्या खोलीचा पत्रा ठोकायला त्यांनी आदल्याच महिन्यात ड्रिल मशीन आणलं होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो हातपाय धूत होता. टॉवेलने तोंड पुसता पुसता म्हणाला, "देखं का कोनी?"

"नही."

"मंग कसं म्हनशी? भाऊकी शे. रोज तोंड देखनं पडस. जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी त्याने जाऊन विचारलं तरी. जेठांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "झाडले रोग व्हयना. म्हातारं झाड. त्यामा काय?" नवरा परत येऊन मला तेच सांगू लागला, रोग झाला म्हणून. मी पोळ्या लाटत होते. लाटणं खाली ठेवून मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो पाणी प्यायला माठाकडे वळला.

जेठाणीला मी नळावर गाठलं. ती माझ्याहून वयाने बरीच मोठी, मी नवी आले तेव्हा मला अहिराणी तिनेच शिकवलेली, कारण माझ्या माहेरी आई शिक्षिका, घरात सगळं पुस्तकी मराठी. मी तिला ताई म्हणते. विचारलं, "ताई, चिंच कोनी मारी?"

ती हंडा भरेपर्यंत नळाच्या धारेकडे बघत होती. मग म्हणाली, "मले काय माहीत, बाई." आणि हंडा डोक्यावर घेतला. तिला माहीत होतं. हंडा उचलताना तिचा हात इतका घाईत होता की अर्धं पाणी पदरावर सांडलं. त्या दिवसापासून मी तिच्यावरही दात धरला. ज्याने केलं त्याच्याइतकाच ज्याने बघून तोंड मिटलं त्याचा दोष, असं मला तेव्हा वाटायचं. आजही थोडं वाटतं.

पावसाळ्यानंतर झाड पार वाळलं. कोण्या जनावरावर फांदी पडेल, म्हणत जेठांनी तोडणारे आणले. नवऱ्याने हो म्हटलं. बुंधा ट्रॅक्टरमध्ये घालून कुठे गेला ते मी विचारलं नाही, पण फांद्या त्यांच्या अंगणात आल्या. तो सगळा हिवाळा त्यांच्या घरी अंघोळीचं पाणी चिंचेच्या लाकडावर तापलं. आमच्या घराची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. सकाळी सकाळी धूर आमच्या अंगणात यायचा आणि मी दात घासता घासता तो धूर नाकात घ्यायची. मुद्दाम घ्यायची. राग विसरू नये म्हणून.

त्या हिवाळ्यात मिरची तोडायला धडगावकडच्या बाया आल्या. दरवर्षी येतात. त्यातली एक माझ्याच वयाची, पावरा समाजातली. तिच्या आधीच्या दोन्ही लेकरांच्या झोळ्या चिंचेला टांगलेल्या होत्या. या वेळी तिसरं होतं, तान्हं. ती बांधावर आली, खोडाचा उरलेला बुडखा बघितला आणि झोळीचं कापड हातात घेऊन तशीच उभी राहिली. शेवटी ट्रॉलीच्या खाली, चाकांच्या मधे झोळी बांधली. दुपारी ऊन तिरकं झालं की ते आत शिरायचं आणि लेकरू किंचाळायचं. ती तोडा सोडून धावत जायची. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर घामोळं उठलं, ताप आला.

"झाड कोन मारं?" तिने मला विचारलं. आमच्याशी ती तिच्या पावरीत थोडी अहिराणी, थोडी हिंदी मिसळून बोलते.

मी पलीकडे बोट दाखवलं. तिने तिकडे बराच वेळ बघितलं. मग ओटीतल्या मिरच्या टोपलीत रिकाम्या करत म्हणाली, "आमना खेतले काटस बांबूनं कुंपन शे. लावं का मरत नही. बकरी खात नही. डुक्कर घुसत नही."

मी विचारलं, "वाढस कितलं?"

तिने मान वर करून आभाळाकडे बघितलं. त्यावरून मला कळलं.

त्या रात्री मी झोपले छान. कितीतरी महिन्यांनी.

पावसाच्या तोंडावर ती आणि तिचा नवरा पोत्यात काटसाचे कंद घेऊन एसटीने आले. त्यांच्याच शेतातल्या कुंपणातले. मोजणीचा दगड बघून, दोरी लावून, आमच्या हद्दीच्या आत, बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही तिघांनी खड्डे घेतले. एका ओळीत, दाट. तिचा नवरा पहारीने खणत होता, ती कंद बसवत होती, मी माती ओढत होते. जेठ पलीकडे म्हशीला पाणी पाजत होते. म्हशीला म्हणाले, "कुंपन करी ऱ्हायनी वाटस. करू दे. आपलं काय जास."

मी गाईला काहीच सांगितलं नाही.

पहिली दोन वर्षं त्या रांगेत बघण्यासारखं काही नव्हतं. काड्या, बारीक पानं, काटे. नवऱ्याला वाटलं, मी खरंच कुंपण केलं. मी त्याला तसंच वाटू दिलं. पण ठिबकची एक वेगळी लाइन मी त्या रांगेला टाकली होती आणि मोटार चालू केली की आधी तीच सोडायची, मिरचीला नंतर. शेणखताचा पहिला ढीग तिथे. लोक लेकराला आधी वाढतात, तशी मी त्या काटसाला आधी वाढत होते. वावरात गेलं की पहिली फेरी तिकडे. नवा कोंब वर आला का, किती आला. ज्या दिवशी मन खट्टू असेल, घरात कुणाचं काही बोलणं लागलेलं असेल, त्या दिवशी बांधावर जाऊन उभं राहिलं की बरं वाटायचं. सूड हा माणसाला कामाला लावतो. माझं शेत त्या वर्षांत इतकं नीट होतं की नवरा शाळेत कौतुक करायचा.

तिसऱ्या पावसाळ्यात काटस उठला. कोंब मनगटाएवढे जाड, सकाळी बघावं तर आदल्या संध्याकाळपेक्षा उंच. दसऱ्यापर्यंत रांग घराच्या वर गेली आणि वरचे शेंडे वाकून पलीकडे झुकले. काटे एकमेकांत असे गुंतले की मांजरही शिरू नये. दिवाळीनंतर ऊन कलतं झालं आणि एका सकाळी मी बांधावर गेले तर सावली पडली होती. चिंचेची सावली एका पट्ट्यात असायची. ही बांधाच्या लांबीची होती, त्यांच्या मिरचीच्या कितीतरी ओळी आत. दहा वाजले तरी तिथलं दव सुकलेलं नव्हतं. आमच्या बाजूला मिरची लाल झाली, त्यांच्या त्या पट्ट्यात हिरवीच. मग पानांवर पांढरी भुरी आली. मग फळं देठापासून गळायला लागली.

जेठ रोज सकाळी येऊन पानं उलटून बघायचे. औषध फवारायचे. मी सरीत वाकून त्यांच्या पंपाचा आवाज ऐकायची. मला माहीत होतं, त्या औषधाने काही व्हायचं नाही. तो आवाज मला आवडायचा.

त्यात पाखरं. काटसात साळुंक्या, पोपट, बगळे सगळे राहायला आले. जेठांनी मिरची मोडून मका पेरला तर पोपटांनी कणसं सोलली. आमच्याकडे कणसाचं काही नव्हतं, मी ते बघूनच पपई आणि कापूस धरला होता.

हे सगळं काटसामुळे होतंय हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी आधी जे येत होतं तेच केलं. एकदा मी माहेरी दोन दिवस गेले, परत आले तर उत्तरेकडची पानं जळून तपकिरी झालेली, तणनाशकाचा वास. पावसाळा आला, खालून नवे कोंब आले. मग गहू काढल्यावर त्यांनी त्यांच्या बाजूचं धसकट पेटवलं. वारा उत्तरेचा होता ते बघूनच पेटवलं असणार. मी कापसाच्या पऱ्हाट्या गोळा करत होते. जाळ बांधावर चढला, वाळलेली पानं फटफट फुटायला लागली. मी आणि वर्षाच्या बोलीवर ठेवलेली आमची सालदारीण बादल्या घेऊन धावलो. बांधाच्या आमच्या बाजूला मी आधीच नांगरट करून ठेवली होती म्हणून जाळ पपईत आला नाही. काटस मात्र होरपळला. काळा पडला. जेठ पलीकडे काठी घेऊन उभे होते, म्हशीला म्हणाले, "वारा फिरना. आपलं काय चालस त्यामा?"

त्या दिवशी नवरा पहिल्यांदा चिडला. घरी आल्यावर डबाही न ठेवता म्हणाला, "पपई जळती तर?" मी म्हटलं, "जळनी नही." तो म्हणाला, "तुले भीती वाटस नही का?" मी विचार करून खरं ते सांगितलं. भीती वाटत होती ती एकच, की काटस पुन्हा फुटणार नाही.

फुटला. पहिल्या पावसातच नाही, थोडा उशिरा, पण असा फुटला की आधीपेक्षा दाट.

मग जेठांनी पंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक, सरपंच आणि गावातले दोन म्हातारे दुपारी बांधावर आले. तीस-चाळीस लोक जमले, कारण गावात सगळ्यांना माहीत होतं. जेठाणीही आली होती, बायांच्या मागे उभी होती. मोजणीचा दगड उकरून बघितला, दोरी धरली. काटस आमच्या हद्दीत होता. सरपंच म्हणाले, "कायदामा काही म्हनता येत नही. पन माणुसकीनं देखा. थोडं छाटी द्या, वहिनी. तेस्नं नुकसान व्हई ऱ्हायनं."

नवरा म्हणणार होता, हो. मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. त्याच्या आधी मी बोलले. डोक्यावर पदर होता तो तसाच होता, पण मी जेठांकडे तोंड करून बोलले. लग्न होऊन आले तेव्हापासून पहिल्यांदा.

"छाटसू," मी म्हटलं. "आजच छाटसू. मन्हं एकच म्हननं शे. दादांनी आठे, सर्वास्ना समोर सांगी देवा, चिंच कोनी मारी. बस. मी कोयता लई येस."

म्हातारे खाली बघत होते. बायांमधून बारीक हसल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. जेठांनी एकदा माझ्याकडे बघितलं, म्हशीकडे बघतात तसं, जणू मी बोलतच नव्हते. मग त्यांच्या मानेवरची शीर फुगली. तोंड उघडलं. मला वाटलं, आता रोगाचं सांगतील. पण तेवढ्या माणसांसमोर त्यांना ते सांगता येईना. ज्या म्हाताऱ्याने लहानपणी त्या चिंचेवरून उडी मारून पाय मोडून घेतला होता, तो समोरच बसलेला होता, आणि ते झाड किती धडधाकट होतं ते त्याला पाठ होतं.

त्यांनी खांद्यावरचा गमछा काढला, झटकला, आणि वावराच्या मधून, मिरचीच्या ओळी तुडवत, घराकडे निघून गेले.

सरपंच म्हणाले, "चला मंग." अर्जाचं पुढे काही झालं नाही.

त्या दुपारी मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. आनंद म्हणावा तर हसू येत नव्हतं. पोट भरल्यासारखं होतं. मी घरी जाऊन वरण-बट्टी केली, तूप घालून. नवरा जेवला. शेवटी म्हणाला, "गावसमोर तेस्ना पानउतारा व्हयना." मी म्हटलं, "हा." आणि त्याला आणखी एक बट्टी वाढली.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. त्या घराचं एवढं नुकसान, वर गावात मान गेला, माझं समाधान झालं. पण पुढच्या वर्षी वेगळंच घडलं.

सावलीच्या त्या पट्ट्यात जेठांनी काही लावणं सोडून दिलं. बांधापासून आतली तेवढी जमीन पडीक राहिली. मला ते बघायला बरं वाटायचं. मग आषाढात एक दिवस बघते तर जेठाणी तिथे कुदळ घेऊन गादीवाफे करत होती. एकटीच. म्हातारपणाकडे झुकलेली बाई, गुडघे दुखतात, तरी. मी विचारलं नाही. ती आणि मी तेव्हा बोलत नव्हतो. महिन्याभराने वर आलं तेव्हा कळलं, हळद. रुंद हिरवी पानं, त्या सावलीत मस्त पसरलेली.

ती राहिलेले वाफे काढायला आली तेव्हा माघ सरत आला होता. मी काटसाच्या या बाजूला वाळलेल्या काड्या तोडत होते. पलीकडून काट्यांमधून तिचा आवाज आला.

"बाई, शे का तठे?"

मी हातातली काडी तोडून खाली टाकली. मग म्हटलं, "शे."

"हाई कापू नको," ती म्हणाली. "तुना जेठ छाटाले माणसं लावतीस तरी कापू देऊ नको."

मी विचारलं, "काबर?"

तिने जे सांगितलं ते असं. तेवढा तुकडा आता तिचा झाला होता. जेठ म्हणाले होते, त्या सावलीत कोण मरतं, तुला करायचं तर कर. तिने केलं. आधीच्या वाफ्यांची हळद निघाली ती तिने आपल्या हाताने शिजवली, वाळवली, नंदुरबारला जाऊन स्वतः विकून आली. इतकी वर्षं मिरची त्या घरात आली, तोडली तिने, पथारीवर उन्हात पसरून वाळवली तिने, पण बाजारात कधी गेली नव्हती. "रिक्षामा बठी गयी," ती म्हणाली. "एकली."

मी काटसाच्या या बाजूला, ती त्या बाजूला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त लुगड्याचा निळा रंग काट्यांमधून.

"चिंच मारताना तुम्ही देखं व्हतं ना?" मी विचारलं.

पलीकडे कुदळीचा आवाज थांबला. मग, "ड्रिलनी वायर मीच धरी व्हती."

मला राग यायला हवा होता. आला. पण तो आधीच्या रागासारखा नव्हता, त्याला कुठे बसवावं कळेना. मी काटस लावला तो या दोघांची जमीन नासवायला. त्या जमिनीतून तिने हळद काढली, बाजार बघितला, आणि वर मला सांगत होती की कापू नको. माझ्या सुडाचा तिला फायदा झाला होता. खरं सांगते, मला ते आवडलं नाही. त्या घरातल्या कोणाचं भलं व्हावं म्हणून मी तीन वर्षं ते पाणी घातलं नव्हतं. मी "बरं" एवढंच म्हटलं आणि काड्यांचा भारा घेऊन निघून आले.

संध्याकाळी तिने ओल्या हळदीची पिशवी आमच्या ओट्यावर ठेवली. घरात कोणी नसताना ठेवून गेली. दोन दिवस ती तशीच पडली. मग आलं, लिंबू, हिरवी मिरची घालून लोणचं घातलं, कारण टाकून देण्यासारखी ती नव्हती. नवऱ्याने खाल्लं आणि पुन्हा मागितलं. कोणाची हळद ते मी त्याला तिसऱ्यांदा वाढल्यावर सांगितलं.

जेठाणीशी आता मी बोलते. पूर्वीसारखं नाही. काटसाच्या आरपार बोलतो, चार शब्द, पिकाचे, गुडघ्याचे. वायर धरल्याचं मी विसरलेले नाही आणि तिलाही ते माहीत आहे. ती माफी मागत नाही. मला ते पटतं.

जेठांशी मात्र तेवढंच, जेवढं पूर्वी होतं, आता म्हशीमार्फतही नाही. म्हस विकली. नवरा म्हणतो, तेस्नं वय व्हयनं, आता सोडून दे. धडगावकडची ती बाई गेल्या हिवाळ्यात आली तेव्हा तिने काटसाच्या आमच्या बाजूला, दोन जाड बांबूंच्या मधे झोळी बांधली. काटे छाटून जागा केली होती मी तिच्यासाठी. एवढीच छाटणी.

परवाची गोष्ट. पपईत विरळणी करत होते. दुपार झाली होती. काटसाच्या फटीतून पलीकडे काहीतरी पांढरं दिसलं म्हणून वाकून बघितलं. जेठ हळदीच्या कडेला, काटसाच्या सावलीत बसले होते. डब्याचं झाकण उघडून मांडीवर भाकर ठेवली होती, कांदा फोडत होते. त्यांच्या त्या एवढ्या वावरात दुसरी सावली उरलेलीच नाही. मोटारीच्या खोलीचा पत्रा तापतो, आत बसवत नाही. पाठ काटसाकडे, म्हणजे माझ्याकडे. सदऱ्याला घाम आलेला. म्हातारे दिसत होते.

मी थोडा वेळ बघितलं. मग पपईखाली पडलेला पत्र्याचा डबा उचलला, काठी घेतली आणि बांधाच्या कडेने पोपट उडवतात तसा जोरजोरात बडवत गेले. पोपट नव्हते. बगळे तेवढे उडाले, पानं हलली, वरून कचरा पडला. जेठांनी मागे वळून बघितलं नाही. भाकर फडक्यात गुंडाळली, डब्याचं झाकण लावलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि उन्हात निघून गेले.

ते मोटारीच्या खोलीपर्यंत पोचेतो मी डबा वाजवत राहिले. मग खाली ठेवला आणि राहिलेल्या झाडांची विरळणी केली.